दुसरी खोली

बौद्ध परित्राणपाठाचा पांढरा दोरा पाण्याच्या कलशातून निघून भन्तेजींच्या हातून बाबांकडे, बाबांकडून आईकडे, असा सगळ्यांच्या हातांतून फिरत शेवटी विशाखापाशी येऊन थांबला होता. तो हातात असेपर्यंत उठता येत नाही, हे बरं होतं. नाहीतर विशाखा एव्हाना दहादा उठून त्या बंद दाराची कडी नीट लागली आहे ना, ते बघून आली असती.

दिल्लीतल्या मयूर विहारचा हा फ्लॅट तसा लहानच. दोन खोल्या, एक हॉल, आणि दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर यावं असं स्वयंपाकघर. गेल्या महिन्यात विशाखा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडायची वेळ आली. यशवंत गणवीर आणि लीलाबाई, म्हणजे बाबा आणि आई, यांचं अर्धं आयुष्य सरकारी घरांत गेलं. आधी बाबांच्या नावावरच्या, मग लेकीच्या नावावरच्या. स्वतःच्या मालकीच्या भिंतीला टेकून बसायची बाबांची ही पहिलीच वेळ, आणि तीही वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. पांढरा सदरा घालून ते इतके ताठ बसले होते की भिंतीला टेकलेच नव्हते.

विशाखाच्या डाव्या हाताला तिची भाची क्रांती बसली होती. तिच्या पलीकडे तिची आई लतिका, आणि लतिकाच्या पलीकडे विशाखाचा धाकटा भाऊ हितेश. दोघं काल नागपूरहून गृहप्रवेशाला आले होते आणि संध्याकाळच्या गाडीने क्रांतीला घेऊन परत जाणार होते. तिच्या बॅगा दाराशी रचून ठेवल्या होत्या. वर्षभर आत्याकडे राहून ती जिथे शिकली, त्या दिल्लीच्या कॉलेजातून क्रांतीचं नाव काढलं होतं, कॉलेज सोडल्याचा दाखला हातात पडला होता, आणि बी.ए.चं दुसरं वर्ष ती नागपूरच्या कॉलेजात करणार होती. प्रवेशाचीही पूजा आणि पाठवणीचीही, असा तो दिवस.

मधे एकदा दोरा ताणला गेला म्हणून विशाखाने पाहिलं. क्रांती त्या बंद दाराकडे बघत होती.

गणवीरांच्या घरात मागायची पद्धत नाही, हे आता वाचकांना ठाऊक आहेच. पण ती पद्धत आली कुठून, ते पुन्हा एकदा सांगायला हवं, कारण आज तीच अंगाशी येणार होती. बाबांचे वडील सीताराम पोराचं नाव शाळेत घालायला गेले, तेव्हा मास्तरांनी त्यांना व्हरांड्याखाली उन्हात उभं ठेवलं. हात जोडून उभा असलेला बाप लहानग्या यशवंतने पाहिला. पुढे हा यशवंत दिल्लीला कारकून होऊन आला, त्याला दोन लेकरं झाली, आणि त्याने मनाशी गाठ मारली की आपल्या घरात कुणाला तोंड उघडून मागावं लागणार नाही. मागायच्या आधी हातावर ठेवायचं. फी, सायकल, नवे बूट, सगळं. कुणी चाचरत काही विचारायला आलंच, तर बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "त्यात विचारायचं काय?"

ऐकायला किती छान! शेजारच्या पोरांना हेवा वाटायचा. पण न मागता द्यायची सवय लागली की न विचारता समजून घ्यायचीही लागते, आणि समजण्यात माणूस चुकतो. विशाखाला लग्नच करायचं नाही, हेसुद्धा या घराने असंच परस्पर समजून घेतलं होतं. त्याची कहाणी मागे येऊन गेली आहे; तिला कुणी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दुखण्यावर विशाखाने कधी बोट ठेवलं नाही, पण विसरलीही नव्हती, आणि तरीही क्रांतीच्या बाबतीत तिने नेमकं तेच केलं.

"साधु, साधु, साधु," सगळे म्हणाले. भन्तेजींनी दोरा गुंडाळला, एकेकाच्या मनगटाला बांधला आणि कलश घेऊन उठले. "चला, घरात पाणी शिंपडू. सगळ्या खोल्यांत."

हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, आई-बाबांची खोली झाली. भन्तेजी बंद दारापाशी येऊन थांबले.

"इथे नुसतं सामान आहे, भन्ते," विशाखा घाईघाईने म्हणाली. "अडगळ. राहू द्या."

"काहून राहू द्या?" आई मागून म्हणाली. "अडगळीला काय पाणी चालत नाही? उघड, बाप्पा. साधूमाणूस ताटकळला ना."

आता साधूमाणसासमोर खोटं तरी किती बोलणार? विशाखाने कडी काढली.

आत अडगळ नव्हती. खिडकीखाली भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताराकडून करून घेतलेलं लांब टेबल होतं. वर पुस्तकांसाठी फळ्या, त्यांतल्या एकीवर क्रांतीने डिबेटमध्ये जिंकलेले दोन कप, जे लक्ष्मीबाई नगरच्या सामानात हरवले म्हणून ती आठवडाभर शोधत होती. खिडकीला निळा पडदा. टेबलाचे ड्रॉवर डाव्या हाताला आणि दिवा उजवीकडे, म्हणजे डाव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली पडू नये. गणवीरांच्या अख्ख्या घराण्यात डावखुरं एकच माणूस होतं.

भन्तेजींनी शांतपणे चारी कोपऱ्यांत पाणी शिंपडलं. क्रांती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "ही कुणाची खोली आहे?"

विशाखा काही बोलणार, तोच लतिका म्हणाली, "आधी भन्तेजींचं भोजन. बारा वाजत आले." ते खरंच होतं. भिक्खूंना बाराच्या आत जेवू घालावं लागतं, आणि कुणाच्या घरात काय जळतंय म्हणून सूर्य थांबत नाही. मग ताट मांडलं गेलं, पोळ्या आल्या, वांग्याची भाजी आली. क्रांतीने खीर वाढली. तिची नजर त्या दाराकडे होती, थोडी खीर ताटाबाहेर सांडली. हितेशने गाड्या वेळेवर धावतात की नाही यावर भन्तेजींशी गप्पा मारल्या. भन्तेजी तृप्त होऊन सगळ्यांना मंगल चिंतून गेले. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला, आणि मग या घरात जे कधीच होत नाही ते झालं. सगळे एकदम बोलायला लागले.

"मला सांगितलं का नाहीस?" क्रांतीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"सांगणारच होते गं. गृहप्रवेशाच्या दिवशी दार उघडून दाखवायचं असं ठरवलं होतं," विशाखा म्हणाली. "तुझी परीक्षा होईपर्यंत म्हटलं गुपित ठेवू. आणि मग तुझा अर्जच..."

"तू एप्रिलमध्ये नकाशा पसरला होतास डायनिंग टेबलवर. आठवतंय? 'ही आई-बाबांची' म्हणालीस. आणि दुसऱ्या खोलीवर बोट ठेवलंस, हसलीस, आणि नकाशा गुंडाळून टाकलास."

"हो. कारण..."

"मी म्हटलं, अच्छा, दुसरी हिची. बिल्कुल बरोबर आहे, हिचंच घर आहे. मग मी कुठे? हॉलमध्ये? आजोबांच्या टीव्हीसमोर?"

"हॉलमध्ये मी झोपणार होते, क्रांती."

"हे मला कसं कळणार, यार आत्या!"

विशाखाने फ्लॅट इथेच का घेतला, हेही ती कधी बोलली नव्हती. दलालाने याहून मोठी, याहून हवेशीर घरं दाखवली होती. पण इथून मेट्रो थेट क्रांतीच्या कॉलेजपर्यंत जात होती, मधे गाडी बदलावी लागत नव्हती. पोरगी उशिरापर्यंत लायब्ररीत बसते, येताना जिने चढउतार नको, एवढाच तो विचार. आता तो विचार उच्चारण्यात काही अर्थ उरला नव्हता.

लतिका इतका वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती सावकाश म्हणाली, "थांब. म्हणजे तुला नागपूरला यायचं नव्हतं?"

"तुला मी हवी होते ना? तुझ्या ऑपरेशननंतर? मी फोनवर म्हटलं की अर्ज टाकलाय, तर तू लगेच म्हणालीस, 'ये, तुझीच वाट बघतोय.'"

"मग काय म्हणू? नको येऊ म्हणू?" लतिकाचा आवाज फुटला. "मला वाटलं, माझी पोर दिल्लीत एकटी पडलीय. एवढं नाव असलेलं कॉलेज सोडून स्वतःहून परत यायचं म्हणते, म्हणजे रोज रडत असेल. मी तुझ्या पप्पांना म्हटलं, विचारा तरी तिला काय झालं ते. तर हे म्हणाले, खोदून विचारू नको, तिला कमीपणा वाटेल. मग मी टाके ओले असताना त्या नागपूरच्या कॉलेजात खेटे घातले. दुसऱ्या वर्षाला एकच सीट रिकामी होती. ती गेली असती तर पोरीला तोंड कसं दाखवू म्हणून!"

सगळ्यांच्या नजरा हितेशकडे वळल्या. हितेश हा भांडणात नेहमी दाराच्या जवळची जागा धरणारा माणूस. आज त्याच्या वाट्याला मधली खुर्ची आली होती.

"माझ्याकडे काय बघताय? मी ताईला मेसेज केला होता."

"'क्रांतीला नागपूरला यायचंय. बघ.'" विशाखाने तो मेसेज पाठ म्हणून दाखवला. "एवढाच. पुढे काय बघू, ते नव्हतं."

"तू काय उत्तर दिलंस पण?" हितेश म्हणाला.

विशाखाने मान खाली घातली. "त्यात विचारायचं काय, असं लिहिलं."

आई हसली की रडली, कळलं नाही. तिने पदर तोंडाला लावला.

"ताई, रागावू नका," लतिका म्हणाली, आणि आता तिचा रोख बदलला. इतका वेळ ती नवऱ्यावर होती, ती नणंदेवर आली. "पण तुम्ही तरी एकदा अडवायचं होतं. वर्षभर पोर तुमच्याजवळ होती. तुम्ही तर ओळख लावून दाखला काढून दिलात. एवढ्या झटपट! आम्हाला वाटलं, तुम्हालाच..."

"मलाच काय?"

"जड झालं असेल. तुमची रिटायरमेंट, आई-बाबांची औषधं, त्यात परक्याची पोर."

"परक्याची?"

"मग काय म्हणू? आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं थोडं. रोज फोनवर 'आत्या म्हणते, आत्या म्हणते'. म्हटलं, आता चार दिवस 'मम्मी म्हणते' पण होऊ दे."

हे लतिकाने बोलून दाखवलं आणि तिचं तिलाच इतकं वाईट वाटलं की ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी आधीच घासून झाली होती. तिने ती पुन्हा विसळायला घेतली.

विशाखाला लतिकाचा राग आला नाही, कारण लतिका अर्धं तरी खरं बोलली होती. मेसेज आला त्या सकाळी विशाखा गॅससमोर उभी राहून रडली होती. चहा उतू गेला होता. ही एवढी टेबलं-फळ्या करून घेतोय आपण, आणि हिला जायचंय! मग डोळे पुसून तिने कॉलेजच्या ऑफिसातल्या त्रिपाठींना फोन लावला होता. त्रिपाठी पूर्वी तिच्याच विभागात होते. पोरीला खिडकीखिडकीपुढे उभं राहायला लागू नये, हे तर खरंच. पण त्यात थोडी तिडीकही होती, की जायचंय ना, मग जा, मी नाही धरून ठेवणार. ते तिला त्याच वेळी कळलं होतं, तरीही तिने फोन लावला. इतर मुलांना जिथे महिना लागतो, तो दाखला त्या आठवड्यातच क्रांतीच्या हातात पडला.

"मी फक्त अर्ज केला होता, आत्या," क्रांती आता हळू बोलत होती. "कॉलेजमध्ये सगळे सांगत होते, दाखल्याला ऑगस्ट उजाडतो, ऑफिसवाले चकरा मारायला लावतात. म्हटलं, चलो, तोवर वेळ आहे. तोवर कुणीतरी म्हणेलच ना, जाऊ नको. कुणीतरी एकदा म्हणेल. तू, नाहीतर आजी. आणि तू एक दिवस आलीस आणि दाखला माझ्या हातात ठेवलास. 'घे, तुला खेटे घालायला नकोत' म्हणालीस. मी काय म्हणणार होते त्यावर?"

"ताई," हितेश म्हणाला, "त्रिपाठींना फोन लाव ना. ज्यांनी नाव कापलं ते परत घालतील की."

रविवार होता. पण त्रिपाठींनी फोन उचलला, आणि विशाखाने तो स्पीकरवर ठेवला.

"अरे मैडम, नमस्ते! बिटिया पहुँच गई नागपुर?"

"नहीं, त्रिपाठीजी। वो... बच्ची का मन बदल गया है। दाखिला वापस हो सकता है क्या?"

त्रिपाठींचा आवाज खाली आला. "मैडम, आपका काम था, इसलिए मैंने उसी दिन नाम कटवा दिया। वो सीट तो परसों भर गई। एक बच्ची बाहर के कॉलेज से ट्रांसफर लेकर आई है। उसके पिताजी रोज़ आकर बैठते थे, रोज़ पूछते थे, सर, कोई जगह निकली?"

"कोई रास्ता?"

"अब तो नहीं है, मैडम। दूसरे साल की एक ही सीट थी।" मग त्यांनाच राहवलं नाही. "मुझे थोड़ा भी इशारा होता तो मैं फ़ाइल महीना भर दबाकर रखता। दबाना तो हमको आता ही है।"

फोन बंद झाला. आई म्हणाली, "वरातीमागून घोडं," आणि कुणीच तिला गप्प केलं नाही.

मनगटावरचा पांढरा दोरा बाबा इतका वेळ दुसऱ्या हाताने फिरवत होते. आता ते उठायला लागले, तसा हितेश हात द्यायला धावला, पण त्यांनी खुर्चीचा आधार घेतला.

"रोज येऊन बसायचा म्हणे तो माणूस," ते म्हणाले. "कुणाचा तरी बाप. रोज विचारायचा."

"बाबा, जाऊ द्या आता," विशाखा म्हणाली.

"नाही, ऐक. माझा बाप त्या उन्हात उभा होता, तेव्हापासून मला मागण्याचीच चीड बसली. पण त्यात मागण्याचा काय दोष होता? उभं ठेवलं, तो दोष होता. मी आयुष्यभर भलत्याच गोष्टीवर राग काढला, आणि तुम्हाला मुकं करून ठेवलं." ते क्रांतीकडे वळले. "पोरी, तुझ्याजवळ एक मागू?"

हा शब्द त्यांच्या तोंडून त्या घरात कुणीच ऐकला नव्हता. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"मागा ना, आजोबा," क्रांती म्हणाली.

"जरा त्या टेबलाशी बसून दाखव. गाडी यायला वेळ आहे."

क्रांती आत गेली आणि खुर्ची ओढून, दिवा लावून बसली. उंची बरोब्बर होती. तिने डावीकडचा ड्रॉवर उघडला, रिकामा होता, बंद केला. पर्समधून पेन काढलं, पण लिहायला जवळ काही नव्हतं, म्हणून ते नुसतंच हातात धरलं. बाबा तिथल्या खाटेच्या काठावर बसून तिच्याकडे बघत राहिले, जणू त्यांच्या बापाने ज्या शाळेत नाव घातलं ती हीच. आई दारात, लतिका ओल्या हातांनी तिच्या मागे. लतिकाने विशाखाच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या ओल्या तळव्याची जागा विशाखाच्या पांढऱ्या साडीवर बराच वेळ तशीच राहिली.

"छान झालंय टेबल," लतिका म्हणाली. "नागपूरला इतकी जागा नाही आमच्याकडे."

"हे घेऊन जा म्हटलं असतं," विशाखा म्हणाली, "पण भिंतीतच ठोकलंय."

गाडीवाल्याचा खालून फोन आला. बॅगा लिफ्टपाशी गेल्या, हितेशने आई-बाबांच्या पाया पडून घेतलं, लतिकाने डबा पुन्हा एकदा तपासला. सगळ्यांत शेवटी क्रांती निघाली. लिफ्टचं दार पायाने अडवून ती उभी राहिली.

"आत्या, दिवाळीच्या सुट्टीत येऊ?"

त्यात विचारायचं काय! शब्द अगदी ओठांवर आले होते. चाळीस-पन्नास वर्षांची सवय ती. विशाखाने ते गिळले. "ये," ती म्हणाली. "मी विचारते तुला. येशील ना?"

"येईन." क्रांतीने पाय मात्र काढला नाही. "आणि ते पण म्हण ना आता. एकदा."

काय म्हणायचं, ते विशाखाने विचारलं नाही. एवढं एक तिला न विचारता बरोबर कळलं.

"जाऊ नको, क्रांती."

"हं," क्रांती म्हणाली. तिने डोळे पुसले, पाय मागे घेतला, आणि लिफ्ट खाली गेली.

विशाखा घरात आली. दुसऱ्या खोलीतला दिवा तसाच जळत होता. तो बंद करायला म्हणून ती टेबलाशी गेली आणि खुर्चीवर टेकली. बटण शोधायला तिचा हात सवयीने डावीकडे गेला. तिथे ड्रॉवर होते. दिवा पलीकडे होता. या टेबलावर तिच्या हाताशी येण्यासारखं काहीच नव्हतं, आणि पलीकडे वाकून दिवा मालवायला तिला उठावं लागलं.